याकोबा, डबा जागेवर लागला

याकोबा, तुला मूठमाती देऊन आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा मी तुझ्या घराच्या फाटकाचा डावा खांब पाडला.

मुद्दाम नाही. रिव्हर्स घेताना. प्रार्थनेला माणसं येणार होती, अंगणात खुर्च्या मांडायच्या होत्या आणि मधोमध आपला डबा उभा. रूथवहिनी म्हणाल्या, "मास्तर, तेवढा डबा मागं घेता का?" शहाण्या माणसानं अशा वेळी चार पोरं बोलावली असती. मी म्हणालो, "त्यात काय!" आणि जीपला डबा जोडला.

खांब पडताना फारसा आवाजही झाला नाही. आधी तो वाकला, मग विचारात पडल्यासारखा क्षणभर थांबला आणि मग सावकाश आडवा झाला. फाटकाचं एक पान त्याच्याबरोबर गेलं. दुसरं उभं राहिलं, पण कशाची राखण करायची हे त्यालाही कळत नसावं. मी स्टिअरिंग धरून बसलेलो. वहिनी आल्या, खांबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पस्तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या ह्याला घासून गेल्या," त्या म्हणाल्या. "कधी हालला नव्हता."

मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. मी खाली उतरलो, खांब उचलायला गेलो तर तो उचलेना. वळून बघतो तर बाई हसत होत्या. तू गेल्यावर पहिल्यांदा. डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांनी सांगितलंच होतं." काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, पण त्या वेळी मी खांबाखाली बोट अडकवून बसलो होतो.

तुला डबा काय ते सांगायची गरज नाही, पण हे दुसऱ्यांच्याही वाचण्यात येईल. तर दोन चाकांचा ट्रेलर, ऊस वाहायच्या जुन्या टायरगाडीच्या आसावर तू उभा केलेला. वरून पत्रा, आत दोन फळ्या झोपायला, मागचं झाकण उचललं की स्टो आणि भांड्यांचं कपाट. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, कोंबड्या चालल्यात. संगमनेरच्या नाक्यावर एका पोलिसानं खरंच विचारलं होतं, "किती पक्षी आहेत?" आणि तू गंभीरपणे म्हणालास, "दोन. म्हातारे झालेत, अंडी देत न्हाईत."

आपली ओळख शाळेच्या बाकांमुळं झाली. बाकांचे पाय मोडले होते आणि भूगोलाच्या मास्तरला तास कमी असतात म्हणून मला तुझ्या वर्कशॉपवर पाठवलं होतं. मी तिसगावचा, टँकरची वाट बघत वाढलेला. तू देवळाली प्रवरेचा, कालव्यात डुंबत वाढलेला. त्यावरून आपण पहिल्याच दिवशी भांडलो. चारचौघांत तू मला 'तुमी' म्हणायचास आणि भांडण रंगलं की 'तू'. त्या दिवशी चहा येईपर्यंत आपण 'तू'वर आलो होतो.

"मास्तर, ह्या कालव्याचं पानी मी जलमभर पिलो," तू म्हणालास. "ऊस त्याच्यावर, माझं दुकान उसावर. ते निघतं कुठनं, ते एकदा बघाया नको?"

"भंडारदऱ्याहून निघतं. नकाशात आहे की."

"नकाशात पोहता येतं का?"

म्हणून आपण निघालो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे जातात तिथं गेलो. पाण्याच्या कडेला रंगीत तंबूंची रांग, मध्ये स्पीकर, आणि प्रवेशाशी दिवसभराचा कार्यक्रम लावलेला. तू तो चष्मा पुसून वाचलास. 'सकाळी सहा ते सात सूर्योदय. सात ते आठ पोहे.'

"सूर्योदयाला टायमिंग हाय," तू एवढंच म्हणालास आणि जीपमध्ये जाऊन बसलास.

त्यानंतर आपण शोधल्या त्या जागा म्हणजे नुसती जमीन. नळ नको, दिवा नको, स्पीकर नको. डबा उभा राहील एवढा मुरूम, वाऱ्याला एखादं झाड आणि खाली पाणी दिसलं पाहिजे. बाकी सोयीसाठी एक फावडं होतं. फावडं घेऊन उठलेल्या माणसाला कुठं चाललास हे विचारायचं नाही, एवढा एकच नियम आपण काटेकोर पाळला.

तुझी जागा बघायची रीत मला आधी हास्यास्पद वाटायची. जवळचं घर गाठायचं आणि पहिल्यांदा प्यायला पाणी मागायचं, जागा नंतर. "पानी दिलं की मानूस आपला होतो, मंग जागेला न्हाई म्हनत न्हाई," असं तुझं म्हणणं. मग डबा उभा केला की भाकरीचं पीठ मळायचं ताट काढायचं, त्यात बोटभर पाणी ओतायचं आणि डब्यातल्या जमिनीवर ठेवायचं. पाणी ज्या काठाला धावलं त्या बाजूच्या चाकाखाली चपटा दगड. पुन्हा ताट, पुन्हा दगड. ताटातलं पाणी चारी बाजूंना सारखं दिसलं की तू म्हणायचास, "आता लागला जागेवर." मी म्हणायचो, झोपायचंय, बिलियर्ड खेळायचं नाही. तू ऐकायचा नाहीस.

आणि तो हरभरा. तो मी लपवून ठेवणार होतो, पण आता तू नाहीस, म्हणजे तू तो रंगवून सांगणार नाहीस, म्हणजे मलाच सांगायला पाहिजे.

त्या दिवशी मी चालवत होतो. सरळ पुढं मला येतं, याची नोंद असावी. माझ्या मांडीवर नकाशा. एका वळणावर खाली काळीभोर, सपाट, मऊ जमीन दिसली, थेट पाण्यापर्यंत गेलेली. एक दगड नाही, एक झुडूप नाही.

"याकोबा, बघ," मी म्हणालो. "निसर्गानं आपल्यासाठीच केलीय."

"मास्तर, एवढं सपाट हाय म्हंजी कुनीतरी केलंय."

मी ऐकलं नाही. जीप खाली उतरवली. पन्नास पावलांत जीपची चाकं रुतली, आणि डब्याची तर आसापर्यंत गेली. इथं एक गोष्ट कबूल करतो. धरणाचं पाणी खाली सोडत जातात तसा काठ उघडा पडतो आणि त्या ओल्या गाळात काठची माणसं हरभरा, गहू पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात, हे मी नववीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून. परीक्षेत विचारलंही होतं.

वरून एक म्हातारी आली. हातात विळा, कासोटा खोचलेला, पाय गाळात असे पडत होते जसे सिमेंटच्या रस्त्यावर.

"कोन हाय रं? माझ्या हरभऱ्यात घर बांधाया लागले का?"

"आजी, इथं हरभरा कुठाय?" मी विचारलं.

"चाकाखाली हाय."

तू खाली उतरलास. उतरण्याआधी चपला काढल्यास, तेवढं मी त्या गोंधळातही बघितलं. म्हातारीजवळ गेलास, हात जोडलेस आणि तुझी रीत सोडली नाहीस. "आजी, जरा प्यायला पानी मिळंल का?"

तिनं तुला वरून खाली बघितलं. "म्होरं एवढं धरण हाय. पी की."

आधी तू हसलास, मग ती. ती हौसाबाई. तिच्या लेकाच्या बैलांनी आपल्याला बाहेर ओढलं, बैलांना लागला तेवढाच जोर तिच्या शिव्यांनाही लागला असेल. मग तू मला ओणवं केलंस आणि आपण चाकांनी केलेल्या दोन्ही चाकोऱ्यांत तिच्याच घरचा हरभरा बोटानं टोचून पुन्हा पेरला. माझी कंबर चार दिवस सरळ झाली नाही. त्या दोन ओळी बाकीच्या रानाहून चांगल्या उगवल्या असा माझा दावा आहे. हौसाबाई म्हणते, तिथं काय उगवलंच नाही. तिच्या पेरायच्या पाभरीचा मोडलेला फण तू देवळालीला नेलास, सांधून पंधरा दिवसांनी परत आणून दिलास. तेव्हा तिनं आपल्याला ती जागा दाखवली.

जागा कुठं आहे ते मी लिहिणार नाही. भंडारदऱ्याच्या पाण्याकडेला, यापुढं एक अक्षर नाही. एकदा मी निवृत्त शिक्षकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं, फोटोसकट. पुढच्या रविवारी दोन गाड्या भरून माझे जुने सहकारी आले, स्पीकर घेऊन, आणि हौसाबाईच्या हरभऱ्यात कागदी ताटल्या सोडून गेले. तू त्या एकट्यानं वेचल्यास आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. ते भांडण आपलं संपलंच नाही. मी अजून म्हणतो, चांगली गोष्ट आपल्यापुरती दाबून ठेवणं हा कंजूसपणा आहे. तू म्हणायचास, "सांगून टाकली की जागा ऱ्हात न्हाई, पत्ता होतो." आता तू उत्तर द्यायला नाहीस, म्हणजे मी जिंकलो पाहिजे. तरी नाव लिहायला हात होत नाही, याचा अर्थ तू लाव.

जागा म्हणजे वरच्या अंगाला मुरमाड टप्पा, एक जांभूळ, आणि समोर सगळं पाणी. "पानी कितीबी चढू दे, हितं येत न्हाई," हौसाबाईनं सांगितलं. अडचण एकच. आत जायला एका अंगाला दगडी बांध आणि दुसऱ्या अंगाला उतार, अशी शंभर पावलांची चिंचोळी वाट. आत गाडी वळवायला जागा नाही. म्हणून जायचं ते उलटं जायचं, डबा पुढं आणि जीप मागं, म्हणजे येताना सरळ निघता येतं.

तू ती शंभर पावलं एका दमात घ्यायचास. एक कोपर खिडकीबाहेर, मान मागं, आणि उपासनेतलं कुठलंतरी गीत गुणगुणत. मी मागं उभा राहून ओरडायचो, "डावीकडं! नाही, माझ्या डावीकडं!" तू ढुंकून बघायचा नाहीस. मला शिकवायचा प्रयत्नही तू केलास, शाळेच्या मैदानावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत. "स्टिअरिंग खालून धर, मास्तर. आन् डबा जिकडं न्यायचा तिकडं हात ने. बास, एवढंच हाय." मला 'बास, एवढंच हाय' तेवढं पाठ झालं. मी धरायचो वरून, फिरवायचो उलटं, आणि जीप आणि डबा कात्रीसारखे मिटायचे. त्या मैदानावरचा झेंड्याचा खांब थोडा कललेला आहे. तो वादळानं कलला असं शाळेच्या दप्तरी आहे.

तुझ्या कानांचं मला उशिरा कळलं. वर्कशॉपच्या ठोकाठोकीनं ते गेले होते आणि वहिनींनी मागं लागून तुला ऐकायचं मशीन घ्यायला लावलं. दुकानात, उपासनेला, घरी ते कानात असायचं. भंडारदऱ्याच्या वाटेवर राजूर सोडलं की मात्र तू ते काढून रुमालात गुंडाळायचास आणि शर्टाच्या खिशात ठेवायचास. मी विचारलं तर म्हणालास, "घाटात बॅटरी लवकर जाती." मी भूगोलाचा माणूस. उंचीचा बॅटरीवर काहीतरी परिणाम होत असणार, असं धरून मी नगरला मशीनच्या दुकानात जाऊन चौकशी केली. दुकानदार माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्हाला स्वतःला ऐकू येतं ना नीट?"

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. मी निवृत्त झालो त्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी उठून शाळेत निघायचो आणि चौकातून परत यायचो. घरात कुणाला सांगता येईना. तू काही न विचारता डबा जोडलास आणि मला तिथं नेलंस. दोन दिवस मी जांभळाखाली बसून बोलत होतो. शाळा, बदल्या, मुख्याध्यापक, न झालेली बढती, सगळं. तू पाण्याकडं बघत बसलास, मधूनमधून मान हलवलीस, एकदाही मला तोडलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापली, ती गोल झाली नाही आणि मला हसू आलं. माणसाला असं ऐकून घेणारं कुणी असावं, याकोबा. मी तुला आभार म्हणालो नाही. म्हणालो, मीठ कमी पडलंय.

रूथवहिनी मात्र कधी आल्या नाहीत. तू दर वेळी विचारायचास आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "पत्र्यात झोपायला मी काय ऊसतोडीला आलेय का?" मला हे वाक्य फार आवडायचं. लग्नांत, बारशांत, मी ते त्यांच्या आवाजात करून दाखवायचो. लोक हसायचे. तू हसायचा नाहीस, हे आता आठवतंय.

गेल्या दिवाळीनंतर तू बारीक झालास. पोटाचं आहे म्हणालास. तरी वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचास आणि एक दिवस मी आलो तर डब्यावर काहीतरी जोडत होतास. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना पाईपच्या दोन भक्कम मुठी, त्यांवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेलं. आणि जीपला जोडायच्या दांडीखाली एक लहानसं चाक, दुमडून वर ठेवता येईल असं.

"हे कशाला?"

"टॉवेल वाळत घाल त्याच्यावर," तू म्हणालास.

पुढच्या फेरीला मी टॉवेल वाळत घातला. बनियनही. सोय उत्तम होती, मी तुझं कौतुक केलं. तीच आपली शेवटची फेरी. तू डबा आत घेतलास, या वेळी गुणगुणला नाहीस, आणि खाली उतरून बांधावर बसून राहिलास. मग म्हणालास, "मास्तर, रिव्हर्स शिक आता."

"तू आहेस की," मी म्हणालो.

तू पाण्याकडं बघितलंस. मग म्हणालास, "रूथला एकदा हितं आन. जागेवर आन. वरनं रस्त्यावरनं दाखवून माघारी नेऊ नको." मी लगेच हो म्हणालो. हो म्हणायला रिव्हर्स यावं लागत नाही.

ख्रिसमसनंतर तू गेलास. मग फाटक. मग महिनाभरानं एके सकाळी वहिनींचा फोन. "मास्तर, ती जागा लांब आहे का हो?"

आम्ही तिघं निघालो. वहिनी, माझी बायको मंगल आणि मी. मंगल आली ती मुख्यतः माझ्यावर लक्ष ठेवायला, तसं तिनं फाटकाच्या उरलेल्या पानाजवळ उभं राहून सांगितलं. अकोले सोडल्यावर वहिनी बोलायला लागल्या. त्या जामखेडकडच्या, हे मला माहीत होतं. दहा वर्षांच्या होईपर्यंत आईबापाबरोबर दर साल पाच महिने ऊसतोडीला, साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत राहायच्या, हे माहीत नव्हतं. चुलीला आडोसा नाही, आंघोळीला साडीचा पडदा. "ह्यांना हौस होती, मास्तर. मला त्यात हौस कुठनं वाटणार? मी तशा जागेतनं सुटून आले होते." मंगलनं माझ्याकडं बघितलं. लग्नांतल्या आणि बारशांतल्या माझ्या सगळ्या नकला माझ्या तोंडावर येऊन बसल्या. मी चूक कबूल करायला तोंड उघडलं तर वहिनीच म्हणाल्या, "तुम्ही छान करायचात माझा आवाज. आमचे हे घरी येऊन सांगायचे आणि हसायचे." म्हणजे तू घरी जाऊन हसत होतास. माणसा, मला निदान सांगायचंस.

दुपार कलता वाटेच्या तोंडाशी पोचलो. हौसाबाई बांधावर बसलेली. डबा बघितला, मला बघितलं, तुला शोधलं. मी मान हलवली. तिनं विळा खाली ठेवला आणि वहिनींचा हात धरून त्यांना आपल्याजवळ बसवून घेतलं.

आता माझी शंभर पावलं. पहिल्या खेपेला वीस पावलांवर डबा बांधाला टेकला. पुढं घेतला. दुसऱ्या खेपेला उताराकडं निघाला, मंगल जे ओरडली ते इथं लिहिता येत नाही. पुढं घेतला. घाम डोळ्यांत जात होता. मनात म्हणत होतो, खालून धर, जिकडं न्यायचा तिकडं हात, बास एवढंच हाय. रस्त्यावरनं दाखवून माघारी नेऊ नको म्हणाला होतास आणि मी रस्त्यावरच होतो. तिसऱ्या खेपेला तर जीप आणि डबा असे मिटले की दोघं एकमेकांना काहीतरी विचारतायत असं वाटावं.

"हे काय शिकवायचे?" हौसाबाईनं मंगलला विचारलं.

"भूगोल."

"मंग पोरं घरी कशी पोचायची?"

मी इंजिन बंद केलं. कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. खरं सांगतो, त्या वेळी मला तुझा राग आला. इतकं सोपं काम मला न शिकवता गेलास म्हणून. शिकवत होतास तेव्हा मी विनोद करत होतो, हे त्या रागात बसत नव्हतं.

खिडकीवर टकटक झाली. वहिनी. "तीन झाले ना?"

"काय तीन?"

"उतरा मास्तर. हुक काढा. आणि तुमचे टॉवेल काढा तिथनं."

मला कळेना. त्यांनी स्वतःच सकाळी निघताना वाळत घातलेला माझा टॉवेल आणि बनियन मुठींवरून काढून बांधावर टाकली. दांडीखालचं लहान चाक पायानं खाली पाडलं. "ढकलायचाय. त्याच्यासाठीच जोडलंय हे. ते म्हणाले होते, मास्तर तीनदा करून बघील. तीनदा झालं की सांग त्याला. आधी सांगू नको, मजा जाईल."

याकोबा, त्या हडकलेल्या हातांनी तू वेल्डिंग केलंस ते माझ्या न येणाऱ्या रिव्हर्ससाठी, आणि मी त्यावर बनियन वाळवलं.

एका मुठीला मी, दुसरीला मंगल, मध्ये दांडीला हौसाबाई. वहिनी डब्याच्या चाकापाशी गेल्या. मी म्हणालो, तुम्ही राहू द्या. त्यांनी एक धोंडा उचलला. वाटेला मध्ये चढ आहे, तिथं आम्ही दमून थांबलो की डबा उलटा आमच्या अंगावर यायला बघायचा आणि बरोबर तेवढ्यात धोंडा चाकाला लागलेला असायचा. एकदाही चुकला नाही. "लहानपणी उसाच्या गाडीमागं हेच काम होतं माझं," त्या म्हणाल्या. "चढ आला की चाकाला दगड. कधी वाटलं नव्हतं, परत करायला लागंल." पण त्यांनी साडी खोचली होती, आणि शेवटच्या दहा पावलांना त्याच आम्हाला दम देत होत्या. "लावा जोर! मास्तर, जीभ नको, हात लावा!"

जांभळाखाली पाचोळ्यात तुझे दोन चपटे दगड तसेच पडलेले. कुणी हलवले नव्हते. चाकं त्यांवर चढवली. वहिनींनी कुणी न सांगता ताट काढलं, पाणी ओतलं, आत ठेवलं आणि गुडघ्यावर बसून बघत राहिल्या. पाणी थोडं हललं आणि थांबलं. चारी काठांना सारखं.

"लागला," त्या म्हणाल्या. ताटावर हात ठेवून थोडा वेळ तशाच बसल्या. आम्ही तिघं उगाच स्टोकडं वळलो.

त्या संध्याकाळी हौसाबाईनं ओल्या हरभऱ्याची जुडी आणली. डहाळे सोलून खाल्ले. "तुमी पेरलेल्या वळीतला न्हाई," तिनं मला बजावलं. बायका डब्यात झोपल्या, मी जीपमध्ये गुडघे दुमडून. वहिनी पत्र्यात झोपणार की रात्रभर बसून राहणार, ही धास्ती होती. सकाळी बघितलं तर मंगल उठून चहाचं बघत होती, हौसाबाई लाकडं घेऊन आलेली आणि वहिनी अजून गाढ झोपेत. ऊन तोंडावर आलं तेव्हा उठल्या. म्हणाल्या, "इथनं आपल्याकडं पाणी येतं होय."

मग जांभळाखाली बसलो, चहा घेऊन. समोर तुझं सगळं पाणी. मला इतका आनंद झाला होता की मी वहिनींना सगळं सांगायला घेतलं. पोलीस आणि कोंबड्या, सूर्योदयाचं टायमिंग, हरभरा, माझी बढती, झेंड्याचा खांब. त्या ऐकत होत्या. पाण्याकडं बघत मान हलवत होत्या. चहा संपला, दुसरा झाला, मी मुख्याध्यापकांपर्यंत आलो होतो. तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्यांचं कानाचं मशीन इथं आलं की खिशात का जायचं, ते आज कळलं मला."